मामांच्या हार्डडिस्का नव्या मशीनवर: कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

पुण्यात नारायण पेठेतल्या दुकानाचा माळा रिकामा केला. मामांचा डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचा धंदा १९९८ पासूनचा, त्याआधी त्याच जागेत आजोबांचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापण्याचा छापखाना होता. माळ्यावर जे मिळालं ते: क्वांटमची ४.३ जीबीची फायरबॉल (विंडोज ९८ आणि पानं लावायचा पेजमेकर ६.५), सीगेटची ४० जीबी (विंडोज २०००, पेजमेकर ७), लेबल निघून गेलेली एक ८० जीबी (विंडोज एक्सपी आणि डिझाइनचा कोरलड्रॉ). शिवाय सध्याच्या मशीनमधली ५०० जीबी, ती २०११ ची. पहिल्या दोन आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीच्या, नंतरच्या दोन साटा, म्हणजे नव्या. बरोबर सीडींचा डबा आणि थोड्या झिप डिस्का (फ्लॉपीसारख्याच, पण जास्त जागेच्या).

आत्ताच का? सध्याचं मशीन विंडोज १० वर आहे आणि १४ ऑक्टोबरला त्याचे अपडेट्स बंद होणार. मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही जुना, म्हणजे ११ त्यावर चढणार नाही. आणि गणपतीच्या आसपास दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागला की मामा कुणालाही खुर्चीत बसू देत नाहीत. म्हणून जुलैअखेर ही मुदत.

मामांचं म्हणणं: "चालू आहे ना? मग कशाला हात लावतेस?" आणि दुसरं: "सगळं त्या पाचशेवरच आहे, माळ्यावरचं भंगारात दे." हे दुसरं तपासून बघायचं आहे.

नियम एकच ठरवलाय: आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, मग त्या इमेजमध्ये बघणं. जुनी डिस्क विंडोजला जोडली की ते विचारल्याशिवाय तिच्यावर लिहायला लागतं. रिसायकल बिनचं फोल्डर, सिस्टिमच्या नोंदी, वर "ड्राइव्ह तपासू का?" म्हणून आग्रह. त्यामुळे सगळं काम लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (मशीनमध्ये काही न बसवता तिथूनच चालणारं लिनक्स), ऑटोमाउंट, म्हणजे डिस्क आपोआप उघडणं, बंद ठेवून.

३ जून, मंगळवार

आयडीई आणि साटा दोन्ही चालतील असा यूएसबी ॲडॉप्टर हवा होता. तपकीर गल्लीत आधी "आता कोण विचारतं हे!" असं ऐकून घेतलं, मग आतल्या एका दुकानात मिळाला. सोबत वेगळा पॉवर सप्लाय असलेलाच घ्यायचा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, साडेतीन इंचीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात.

घरी येऊन डिस्क जोडण्याआधी मल्टिमीटर लावला. पिवळ्या वायरवर १२.१, लालवर ५.०५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. स्वस्त सप्लायमध्ये हे उलटसुलट असलं तर डिस्कचं सर्किट तिथल्या तिथे जळतं, आणि सत्तावीस वर्षांच्या डिस्कला दुसरं सर्किट आणणार कुठून?

५ जून, गुरुवार

गुरुवार. दिवसभर लाइट नाही. डिस्कांवर चिकटपट्ट्या लावून नंबर घातले, बाकी काही नाही. यूपीएस जोडल्याशिवाय मोठी कॉपी सुरू करायची नाही.

७ जून, शनिवार

फायरबॉल. ॲडॉप्टरला दिसेना, कारण जंपर (डिस्क पहिली म्हणजे मास्टर की दुसरी म्हणजे स्लेव्ह ते ठरवणारा छोटा चाप) स्लेव्हवर होता. त्या मशीनमध्ये ती दुसरी डिस्क होती म्हणे. मास्टरवर आणला आणि लगेच दिसली. फिरताना आवाज मोठा आहे, पण एकसारखा. एकही सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) अडला नाही. चहा होईस्तोवर इमेज तयार.

आतल्या फायलींच्या तारखांचा मात्र गोंधळ आहे. मदरबोर्डवरचा सेल संपला की मशीनचं घड्याळ दर वेळी मूळ तारखेवर जायचं, आणि मामा ती दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडायचे नाहीत. त्यामुळे कित्येक पत्रिका १ जानेवारी १९९८ च्या. बरं, पत्रिकेत लग्नाची तारीख असतेच, त्यामुळे त्यांची वर्षं लावता येतात. कवितासंग्रहांचं तसं नाही.

दुसरी बारीक गोष्ट: डिस्कवर फायली मांडायच्या दोन पद्धतींपैकी जुन्या फॅट ३२ वर स्थानिक वेळ लिहिलेली असते, नंतरच्या एनटीएफएसवर जागतिक वेळ. लाइव्ह लिनक्समध्ये भारताची वेळ न लावता एकीकडून दुसरीकडे कॉपी केलं तर सगळ्या वेळा साडेपाच तासांनी सरकतात.

१० जून, मंगळवार

मामी वडाच्या पूजेला, दुकान दुपारपर्यंत निवांत. ४० जीबीची इमेज काढली. विंडोज हिला ३७.२ जीबी दाखवतं, म्हणून मामांना पहिल्यापासून संशय आहे की विकणाऱ्याने फसवलं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. हे मी आधीही सांगितलं आहे.

हीच डिस्क नव्या विंडोजला जोडली असती तर निम्म्या फोल्डरांवर 'ॲक्सेस डिनाइड' आलं असतं, कारण त्यांची मालकी जुन्या मशीनवरच्या युजरच्या नावे आहे. लिनक्स ती मालकी मानत नाही. फक्त फायली विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनने बंद केलेल्या असत्या तर लिनक्सचाही उपयोग नव्हता; तशी एकही नाही.

आणि हो, 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' सापडला! दिसायला पिवळं फोल्डर, क्लिक केलं की व्हायरस. एके काळी पेनड्राइव्हवरून अख्ख्या पेठेत हा फिरला होता. इमेजमध्ये राहू दिला, कामाच्या प्रतीतून काढला.

१४ जून, शनिवार

८० जीबी. सुरू होताना टक् टक्, मग थांबते, मग धरते. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचे आकडे बघितले: पाच नंबर, म्हणजे आधीच बदललेले सेक्टर, वाढलेले, १९७ नंबर, म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, २१४. डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे. इथे साधी कॉपी लावणं घातक, कारण कॉपी करणारा प्रोग्राम खराब जागेवर अडून तिथेच पुन्हा पुन्हा धडका मारतो आणि हेड असतील तेही जातात.

म्हणून डीडीरेस्क्यू, बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्राम. तो पहिल्या फेरीत सहज मिळेल तेवढं उचलतो, अडलं की उडी मारून पुढे. कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहीत जातो. लाइट गेली, वायर निघाली, तरी मॅपवरून तिथूनच पुढे सुरू. चांगला माल हाती आल्यावर मग खराब पट्ट्यांच्या कडा छाटतो आणि सगळ्यात शेवटी एकेक सेक्टर खरवडतो. हा क्रम ज्याने लावला त्याला मानलं पाहिजे.

टेबल फॅन डिस्कवर सोडला आहे. मामा विचारतात, "तिला उकडतंय का?"

१५ जून, रविवार

पहिली फेरी रात्रीतच पूर्ण. नव्याण्णव टक्क्यांवर मिळालं. आता खरवडणं.

१८ जून, बुधवार

खरवडून संपलं. साधारण ११ एमबी नाहीच वाचलं. थांबवलं. आणखी फेऱ्या लावून अजून काही केबी मिळतीलही, पण डिस्कचा आवाज बदलला आहे.

११ एमबी म्हटलं तर काहीच नाही, पण ते कशातले? हे शोधायची युक्ती चांगली आहे. इमेजची आणखी एक प्रत घ्यायची, तिच्यात न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी डीडीरेस्क्यूकडूनच एक ठरावीक खुणेचा मजकूर भरायचा, मग इमेज डिस्कसारखी उघडून ती खूण कोणकोणत्या फायलींत आहे ते शोधायचं. जिथे खूण, ती फाइल खराब. बहुतेक भाग विंडोजच्या पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची तात्पुरती फाइल) निघाला, तिचं कुणाला काही नाही. पण कोरलच्या दोन फायली गेल्या. एक भिशीच्या कार्डाची. दुसरी एका शाळेच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठाची, तिची छापील प्रत मामांच्या कपाटात आहे, म्हणजे स्कॅन करता येईल.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, दुकान बंद. घरी बसून याद्या ताडल्या: माळ्यावरच्या तिन्ही डिस्कांवरच्या फायलींचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) एका बाजूला, पाचशेवरचे दुसऱ्या बाजूला. "सगळं पाचशेवरच आहे" हे खरं नाही. २००६ ते २००९ चं कोरलमधलं काम जवळपास सगळं फक्त ८० जीबीवर होतं, म्हणजे नेमकं जी मरायला टेकली आहे तिच्यावर. मामांना फोन केला. ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तेव्हा तो मुलगा कोरलवर बसायचा. त्याने घेतलं असेल असं मला वाटलं."

उलट बाजूने, एकच पत्रिका 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल छापायची' अशा नावांनी चार ठिकाणी. गाळणी लावण्याचा मोह होतो. लावणार नाही. जागा स्वस्त आहे, आणि कुठली फायनल खरी ते मामाच सांगू शकतात.

२३ जून, सोमवार

आजपासून अवघड भाग. डेटा आला, पण नव्या मशीनवर पेजमेकरची फाइल लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडली की पानभर रोमन अक्षरं, अॅक्सेंट आणि चौकोन. फाइल शाबूत आहे, फॉन्ट नाही.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना मिळून एकच कोष्टक, येण्याआधी आपल्याकडे प्रत्येक फॉन्टवाल्याचं स्वतःचं कोष्टक होतं. फॉन्टमध्ये दोनशेच्या आसपास घरं, सगळी मुळात इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांची. त्यांत अर्धा क, अर्धा ख, काना, दोन प्रकारचे रफार, जोडाक्षरं, जसं बसेल तसं बसवलेलं. भारत सरकारचं इस्की नावाचं प्रमाण १९९१ चं आहे, पण डीटीपीवाल्यांची दुनिया फॉन्टच्या कोष्टकांवरच चालली. श्रीलिपी हे फॉन्ट सॉफ्टवेअर पुण्याचं, जिस्ट हे दुसरं तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीतून येऊन सी-डॅक या सरकारी संस्थेत पुण्यातच वाढलं, तरी एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य. मामांनी दोन्ही वापरले, शिवाय कुणाकुणाकडून आलेले सुटे फॉन्ट.

म्हणून आज एकच काम: तिन्ही इमेजमधल्या आणि चालू पाचशेवरच्या फॉन्टच्या फोल्डरांतल्या फायली वेगळ्या काढून, कोणत्या डिस्कवरून आल्या त्या नावाने ठेवल्या. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या आहेत आणि त्यांच्यात थोड्या अक्षरांची घरं वेगळी आहेत. मिसळल्या असत्या तर एखाद्या पुस्तकात मधूनच 'ठ' च्या जागी 'द्य' यायला लागला असता आणि कारण कळलं नसतं.

जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचं फॉन्ट सॉफ्टवेअरचं लॉकही (चोरीच्या प्रती चालू नयेत म्हणून लावायचा खुंटा) डब्यात आहे. नव्या मशीनला तो पोर्ट नाही. यूएसबीचे पॅरलल कन्व्हर्टर फक्त प्रिंटरपुरते, लॉक त्यातून ओळखलं जात नाही. पण आमच्याकडच्या आवृत्तीत लॉक फक्त टाइप करतानाच लागतं. फाइल उघडायला आणि छापायला नुसता फॉन्ट पुरतो. लॉक डब्यात राहील.

२८ जून, शनिवार

लिबरऑफिसने मजकूर दिसतो, पण रकाने सरकतात, चौकटी उडतात. पान जसंच्या तसं हवं तर पेजमेकरच हवा. पेजमेकरनंतर आलेलं इनडिझाइनही पेजमेकरच्या फायली सीएस ६ पर्यंतच उघडायचं.

म्हणून ४० जीबीच्या इमेजची प्रत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम) नेली, म्हणजे मामांचं २००३ चं मशीनच नव्या मशीनच्या खिडकीत. सुरू करताच निळा पडदा, शेवटी ७बी. विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाहीये, असा त्याचा अर्थ. जुना मदरबोर्ड व्हिया चिपचा, व्हर्च्युअल मशीनचा आयडीई कंट्रोलर इंटेलचा, आणि त्या ड्रायव्हरची नोंद जुन्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची वही) नाही. रजिस्ट्री बाहेरून उघडून नोंद घातली, आणि विंडोज २००० उठलं. हे एक्सपी असतं तर वेगळ्या हार्डवेअरवर पुन्हा ॲक्टिव्हेशन मागितलं असतं. २००० ला ती भानगडच नाही.

नेटवर्क पूर्ण बंद ठेवलं आहे. या विंडोजचे सुरक्षा अपडेट २०१० मध्येच थांबले.

पेजमेकर फोटोंचे पूर्ण पत्ते लक्षात ठेवतो, डी ड्राइव्हवरचं अमुक फोल्डर असे. व्हर्च्युअल मशीनमध्ये डी हे अक्षर तसंच ठेवलं म्हणून स्मरणिकेतले फोटो जागच्या जागी आले. नव्या मशीनवर नीटनेटक्या फोल्डरांत लावले असते तर एकेक हाताने जोडत बसावं लागलं असतं.

मामा येऊन उभे राहिले. माउस घेतला, कुठलाही मेनू न शोधता एक जुनं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "लेडिंग बघ, ओळींमधली जागा, किती छान आहे. आता कोण करतं असं."

३ जुलै, गुरुवार

पुन्हा गुरुवार. यूपीएसवर जेवढं चाललं तेवढं चाललं.

५ जुलै, शनिवार

पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईसाठीची फाइल, तिची बाहेर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ, फॉन्ट आतच बसवलेले. पत्रिका, कार्डं, बिलबुकं यांची एवढीच सोय. त्यांचं युनिकोड करण्यात अर्थ नाही.

पुस्तकं आणि स्मरणिकांचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा, कारण लोक नव्या आवृत्तीसाठी येतात. मजकूर बाहेर काढून जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून घातला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर. रफाराचं बरोबर उलट. ही उलथापालथ कन्व्हर्टर नीट करतो. घोळ आपल्या मराठीपुरत्या गोष्टींत होतो. 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या' मधला र दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक र ला अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲ' चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीची पद्धत म्हणजे 'अ' वर चंद्र. 'ॲड.' शोधलं की निम्मे वकील गायब. शेवटी सगळीकडे एकच रूप करून टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द कन्व्हर्टर मराठी समजून फिरवतो. त्याला इलाज नाही, प्रूफ वाचावंच लागेल. मामांना सांगितल्यावर त्यांनी लगेच लाल पेन काढलं. हे त्यांचं आवडतं काम.

९ जुलै, बुधवार

चालू ५०० जीबीची पाळी शेवटी, कारण तिच्यावर रोज काम चालू. आधी इतरांसारखी पूर्ण इमेज, मग नव्या मशीनवर रोबोकॉपी या विंडोजच्याच कॉपीच्या प्रोग्रामने. त्याला पुन्हा प्रयत्नांची संख्या आणि थांबण्याचा वेळ सांगूनच चालवायचं. न सांगता तो एका अडलेल्या फाइलवर तीस-तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करतो.

नव्या विंडोजने सुरुवातीलाच डिस्क आपणहून एन्क्रिप्ट केली आहे. रिकव्हरी की कागदावर छापून मामांच्या बँकेच्या फायलीत ठेवली. तो कागद आणि मायक्रोसॉफ्टचं खातं दोन्ही हरवलं तर पुढच्या भाचीला यातलं काही वाचता येणार नाही.

१२ जुलै, शनिवार

चार इमेज, मॅप फाइल, फॉन्ट, कामाच्या प्रती, व्हर्च्युअल मशीन, पीडीएफ. सगळ्याच्या हॅशची (एसएचए-२५६) यादी केली आणि दोन बाहेरच्या डिस्कांवर कॉपी. ताडण्याआधी डिस्क काढून पुन्हा लावली. कॉपी झाल्या झाल्या ताडलं तर रॅममध्ये शिल्लक असलेलंच वाचलं जातं आणि सगळं बरोबर दिसतं. बाहेरच्या डिस्का मुद्दाम फिरणाऱ्या घेतल्या. एसएसडी महिनोन्महिने विजेशिवाय कपाटात पडून राहण्यासाठी नसते.

एक डिस्क दुकानात, दुसरी कुठे? मला वाटलं होतं मामा "दोन्ही इथेच" म्हणतील. पण त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. १२ जुलै. १९६१ साली याच तारखेला पानशेतचं धरण फुटलं आणि आजोबांच्या केसांमधले (कप्प्याकप्प्यांच्या खोक्यांमधले) खिळे गाळासकट गेले. मामा तेव्हा पहिलीत होते. "कोथरूडला ने. वरच्या मजल्यावर ठेव." नेली.

१९ जुलै, शनिवार

जुन्या डिस्का पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवायच्या, मगच निकाल लावायचा. भंगारवाल्याला अशाच द्यायच्या नाहीत. त्यांत शेकडो लोकांचे बायोडेटा, पत्ते, पॅनकार्डांचे स्कॅन आहेत. चालणाऱ्या डिस्कांवर एकदा पूर्ण शून्यं लिहिली की पुरे. ८० जीबीवर ते पुरणार नाही, बदललेल्या खराब सेक्टरांपर्यंत ते लिहिणं पोचतच नाही. तिच्या चकत्या काढून फोडायच्या आणि बाकीचं अधिकृत ई-कचरावाल्याकडे.

मामा आजपासून नव्या मशीनवर. विंडोज मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक देतं, मामांची बोटं टाइपरायटरची. सत्तरीच्या माणसाला कळफलक बदल म्हणणं मला पटत नाही, म्हणून टाइपरायटरचा लेआउट बसवून दिला. पहिली फाइल दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं दरपत्रक. ते टाइप करून झाल्यावर म्हणाले, "स्पेसबार फार वाजतो." सोमवारी जुना कीबोर्ड जोडून बघायचा, त्याची पिन पीएस-टूची आहे, कन्व्हर्टर लागेल.

झिप डिस्का राहिल्या आहेत.